उन्हाळी शिबिर पहाटेचे आणि रात्रीचे असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल लागला की तालुक्याच्या गावांत उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात. वेळ बहुतेक ठिकाणी एकच असते, सकाळी दहा ते दुपारी चार. जागा म्हणजे मंगल कार्यालय, नाही तर शाळेची टिनाची खोली. ही वेळ मोठ्या शहरांची आहे. आई-वडील कामावर जातात, तेवढा वेळ तिथे मुले कुठेतरी गुंतवायची असतात. आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्याचे कारणही हेच ऊन. ज्या उन्हापायी शाळेला कुलूप असते, त्याच उन्हात त्याच खोलीत मुलांना सहा तास बसवणे आम्हाला पटत नाही. खेड्यापाड्यांत शिबिरे भरवणारे, तिथला स्वयंपाक आणि पाणी सांभाळणारे आम्ही काही शिक्षक आणि कार्यकर्ते आहोत. शिबिर भरवू पाहणाऱ्या गावांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

विदर्भातल्या उन्हाळ्याला स्वतःचे वेळापत्रक होते. अंधार असतानाच पोरे मोहाखाली किंवा पाडाच्या आंब्याखाली पोहोचत. दहाच्या आत सगळे घरात. मग वाळ्याच्या ताट्यावर पाणी मारायचे, ओसरीत सागरगोटे किंवा कवड्यांचा पट मांडायचा, आजीने शेवया आणि सरगुंडे वळायला घेतले की काडीवर पिठाची पट्टी गुंडाळायला बसायचे. छतावर वाळत घातलेल्या कुरड्यांची राखण मात्र कुणालाच नको असायची. ऊन कलल्यावर गिल्ली-दांडू, डाबडुबली, बिल्लस. तिन्हीसांजेला अंगणात सडा पडायचा, बाजा (खाटा) बाहेर यायच्या आणि दिवसाचा दुसरा अर्धा भाग आभाळाखाली जायचा. मामाच्या गावी गेलेले मूल महिनाभरात जे शिकून यायचे, ते या दोन टोकांना शिकायचे. दुपार ही झोपेची होती.

शिबिरेही आपल्याला नवी नाहीत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्यांच्या पथकाने १९३६ साली बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. मूल तालुक्यात सोमनाथला बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी ऐन मे महिन्यात भरते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीतून गावोगावी रुजवलेली दिनचर्या तर सर्वांना माहीत आहे, पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. तिथेही दिवस दोन टोकांना धरलेला आहे. गावातल्या शिबिराला हाच साचा पुरतो.

आमचे म्हणणे असे: शिबिर पहाटे पाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते दहा असे दोन पाळ्यांत भरवावे. मधला वेळ जवळ राहणाऱ्या मुलांनी घरी आणि लांबच्यांनी शाळेच्या अंधाऱ्या खोलीत काढावा. निवासी शिबिर असेल तर सहा-सात दिवस पुरे. पंधरा दिवसांचे शिबिर आठव्या दिवशी अर्धे रिकामे होते, कारण मध्ये लग्ने येतात. म्हणून तारीख ठरवण्याआधी पंचांगातले मुहूर्त पाहावेत. ज्या आठवड्यात दाट मुहूर्त आहेत तो सोडावा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एप्रिलच्या अखेरीपासून तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. घरातली सगळी माणसे पहाटे जंगलात आणि दुपारनंतर पुडके बांधायला बसलेली. सत्तर पानांचा एक पुडका आणि हजार पुडक्यांचे एक पोते, हा हिशेब तिथल्या दहा वर्षांच्या मुलालाही तोंडपाठ असतो. या दिवसांत ठेवलेल्या शिबिराला मुले येत नाहीत, आणि मग ‘पालकांना शिक्षणाची किंमत नाही’ असा शेरा मारला जातो. तो अन्यायाचा आहे. वर्षभराच्या वह्या-पुस्तकांचा पैसा त्या दोन-तीन आठवड्यांत उभा राहतो. तिथे फळी (पाने गोळा करण्याचे केंद्र) बंद झाल्यावर, मेच्या शेवटच्या आठवड्यात शिबिर घ्यावे. आणि जंगलाला लागून असलेल्या गावात पहाटेची फेरी गावाच्या शिवाराबाहेर नेऊ नये. मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत वाघ-अस्वलाशी गाठ पडते ती याच वेळी.

जागा निवडताना पहिली पसंती कवेलूच्या, म्हणजे कौलारू, जुन्या शाळेला द्यावी. टिनाची खोली अकरापासूनच तापते. स्लॅबची खोली उशिरा तापते, पण दिवसभर प्यालेली उष्णता ती रात्री बाहेर टाकते. म्हणून स्लॅबखाली मध्यरात्रीपर्यंत मुले झोपत नाहीत, तळमळतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी वाया जाते. खिडक्या सकाळी नऊलाच बंद करून आतून ओले पोते किंवा गोणपाट लावावे, सूर्य मावळल्यावर सगळ्या उघडाव्यात. कूलर लावायचा तर त्याच्या समोरच्या भिंतीतली एक खिडकी वीतभर उघडी हवी. बंद खोलीत कूलर तासभर गार वारा देतो, मग हवा दमट होते आणि घाम वाळेनासा होतो. मुले पेंगुळतात, डोके दुखते म्हणतात, ते बहुतेक वेळा यामुळेच.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडा. चाळीस मुलांना पिण्यासाठी रोज माणशी चार ते पाच लिटर, म्हणजे दोनशे लिटर. आंघोळ, स्वयंपाक, भांडी धरून माणशी पंचवीस लिटर, म्हणजे हजार लिटर. पिण्याचे पाणी माठात ठेवावे. बारा लिटरचे सतरा-अठरा माठ लागतात. नवा माठ चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पहिल्या दिवशीचे पाणी झाडांना घालायचे. बाहेरून साबण किंवा तारेची घासणी लावायची नाही, छिद्रे बुजली की माठ नुसते भांडे होतो. वाळूच्या ओल्या थरावर, सावलीत आणि वाऱ्याच्या वाटेवर ठेवलेला माठ सर्वांत गार राहतो. आपल्याकडची हवा मे महिन्यात कोरडी असते म्हणून पाणी पाझरून भराभर उडते आणि उरलेले थंड होते. पावसाळ्यात तोच माठ काम करत नाही, हे मुलांनी स्वतः थर्मामीटर बुडवून पाहावे. प्रवासात जुन्या माणसांच्या खांद्याला किंवा बैलगाडीला लटकणारी छागल याच नियमावर चालायची. जाड कापडाची ती पिशवी आता दुकानात दिसत नाही, पण जाड कॅनव्हास मिळाले तर मुलांकडून शिवून घेता येते. शिवण पाण्यात फुगून घट्ट होईपर्यंत पहिले काही तास ती गळते, तेवढ्यावर टाकून देऊ नये. पाण्याची टाकी भरल्यावर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी (पाण्यातले क्लोरीन तपासणारी) करून घ्यावी. ती मुलांसमोरच करावी.

पहाटेची पाळी श्रमाची आणि पाहण्याची. उजाडायच्या आत कवायत, सूर्यनमस्कार, मग तलावाच्या किंवा नाल्याच्या काठाने फेरी. पूर्व विदर्भात मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातला) तलाव हा शिबिराचा मोठा ठेवा आहे. मे महिन्यात पाणी आटल्यावर त्याची पाळ (बांध), सलंग (जादा पाणी निघून जाण्याची वाट) आणि पाटाची तोंडे उघडी दिसतात, आणि कोहळी समाजाच्या जुन्या जाणत्यांनी उतार कसा पकडला असेल ते मोजता येते. त्यासाठी दोन काठ्या, दहा मीटर दोरी आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. पोहायला मात्र तलावात सोडू नये. गाळात पाय रुततो आणि मुरूम काढलेल्या खड्ड्यांची खोली वरून कळत नाही.

साडेआठ ते साडेनऊ हाताचे काम. पळसाला या दिवसांत नवी पाने आलेली असतात. पत्रावळीसाठी अगदी कोवळे पान घेतले तर टाचतानाच फाटते, जून पान कडकते, मधले घ्यावे. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसायच्या, एक पान मध्यभागी आणि पाच-सहा भोवती, देठ आतल्या बाजूला. टाचायला बांबूच्या चोयट्या बारीक करून घ्याव्यात. रात्रभर पाटाखाली दाबून ठेवल्या की दुसऱ्या दिवशीच्या पंगतीला सपाट पत्रावळी मिळतात.

दुपारी एकच दहा मिनिटांचा अपवाद करावा, आणि तो शून्य सावलीसाठी. सूर्य वर्षातून दोनदा आपल्या अगदी डोक्यावर येतो. जुलैतला दिवस ढगांत जातो, पण मेमधला आपल्याला हमखास मिळतो. चंद्रपूरला साधारण २० मे, गडचिरोलीला २१, यवतमाळला २२, अकोल्याला २३-२४, अमरावतीला २५ आणि नागपूरला २६ मे. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. वेळ दुपारी बारा वाजून पाच ते तेवीस मिनिटांच्या दरम्यान, पूर्वेकडे लवकर आणि बुलडाणा-अकोल्याकडे उशिरा. फूटभर पीव्हीसी पाइप सपाट फरशीवर उभा करा. ओळंब्याने तो सरळ आहे ना ते दोन बाजूंनी तपासा. पाइप जरा कलला तर सावली राहते आणि मुलांना वाटते प्रयोग फसला. बाराला दहा मिनिटे असताना मोठ्या माणसाने खुणा करायला सुरुवात करावी, मुले ओसरीत थांबावीत आणि शेवटच्या पाच मिनिटांत डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर यावीत. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) का तापतो याचे अर्धे उत्तर त्या पाइपाच्या बुडाशी मिळते. दिल्लीच्या मुलांना हा दिवस कधीच दिसत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

रात्र हे या शिबिराचे खरे वैभव. तारीख शक्यतो अमावास्येच्या आगेमागे धरावी. मे महिन्याच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी उंच चढलेले असतात. त्यातल्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट पुढे नेली की ध्रुव सापडतो. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. विदर्भात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींवर दिसतो, कारण आपले गाव सुमारे वीस-एकवीस अक्षांशावर आहे. स्वतःच्या मुठीने स्वतःच्या गावाचा अक्षांश मोजण्याचा मुलांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की आधी स्वाती आणि मग चित्रा. त्याच वेळी दक्षिणेला, झाडे आणि दिवे आड येत नसतील तर, क्षितिजालगत त्रिशंकूचे चार तारे उभे असतात. तलावाच्या पाळीवर चढून पाहिले तर ते चांगले दिसतात. गावातला हायमास्ट दिवा तासभर बंद करायला सरपंचांना आधी सांगून ठेवावे.

झोपायला गावातून बाजा मागवाव्यात. प्रत्येक बाजेच्या पायाला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधावी आणि आणल्या दिवशी भर उन्हात उभी करून ढेकूण झटकावे. बाजा पुरल्या नाहीत आणि जमिनीवर झोपायचे असेल तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलीच पाहिजे. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. खूण बारीक असते, दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोट दुखते किंवा पापण्या जड झाल्या असे मूल म्हणाले तर अपचन समजून ओवा देत बसू नये. अवयव न हलवता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यातले काही करू नये. अंथरुणे भिंतीपासून आणि तुराट्या-पऱ्हाटीच्या ढिगापासून पंधरा फूट तरी दूर असावीत. सकाळी चप्पल झटकून घालण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी, विंचवासाठी.

अवकाळीचे वादळही याच दिवसांत संध्याकाळी उठते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर वीज दूर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की सगळ्यांनी पक्क्या खोलीत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही. झाडाखाली कुणीही थांबायचे नाही. शिबिरप्रमुखाच्या मोबाइलवर ‘दामिनी’ अॅप असावे.

एक संध्याकाळ रोडग्यांची ठेवावी. चाळीस मुलांना आठ किलो गहू रवाळ, जाडसर दळून आणावेत. मऊ पिठाचे रोडगे चिवट होतात. किलोला एक वाटी तेलाचे मोहन, मीठ, ओवा आणि पीठ घट्ट. छोट्या गोळ्याला तेल लावून त्यावर दुसरी पारी, तिच्यावर तिसरी, असे पदर चढवायचे. गोवऱ्या पेटवल्यावर धूर आणि जाळ पूर्ण थांबेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबायचे. सगळे बिघडते ते इथे. घाई करून जाळावर टाकलेला रोडगा वरून कोळसा आणि आत कच्चा निघतो. निखाऱ्यांवर दोन्ही बाजू शेकून मग गरम राखेत अर्धा तास पुरायचा. वाजवल्यावर पोकळ आवाज आला आणि वर भेगा दिसल्या की झाला. वांग्याची भाजी त्याच आगटीच्या कडेला होते. वारा असेल त्या दिवशी हा बेत रद्द करावा. मे महिन्यातले वाळलेले गवत एका ठिणगीला पुरते. दोन बादल्या पाणी आणि घमेलेभर माती शेजारी हवीच.

प्रवासाचा दिवस एकच असावा आणि साठ-सत्तर किलोमीटरच्या आत. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे, वयाच्या पुराव्याची छायाप्रत जवळ ठेवावी. पूर्ण गाडी हवी असेल तर आगाराकडे प्रासंगिक करारासाठी लग्नसराईमुळे बरेच दिवस आधी अर्ज करावा लागतो. निघायचे पहाटे आणि परतायचे संध्याकाळी, बारा ते चार गाडीत असायचे नाही. उलटी होणारी मुले मागच्या सीटवर बसवू नयेत आणि उपाशी नेऊ नयेत. वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम आणि पवनार, बुलडाण्याकडच्यांना लोणार. अमरावतीच्या मुलांनी परतवाड्याला थर्मामीटर पाहून नोंद करावी आणि चिखलदऱ्याला पोहोचल्यावर पुन्हा पाहावी. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंच आहे, परतवाड्याहून सातशे मीटर वर. शंभर मीटरला साधारण ०.६ ते ०.६५ अंश या हिशेबाने चार-पाच अंशांचा फरक पडायला हवा. दोन्ही वेळा थर्मामीटर सावलीत धरला नाही तर हिशेब जुळत नाही.

यवतमाळ, कारंजा, मूर्तिजापूर, अचलपूर या भागातल्या घरांत उन्हाळ्याचा प्रवास म्हणजे शकुंतला. यवतमाळ ते अचलपूर सुमारे १९० किलोमीटर, कापसासाठी टाकलेली ब्रिटिश कंपनीच्या मालकीची अडीच फुटी रेल्वे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले, मग डिझेल आले, आणि आता बरीच वर्षे गाडी बंद आहे. जिथे तिचे रूळ अजून जागेवर आहेत तिथे स्टेशनवाल्यांना विचारून मुलांना टेप लावू द्यावा, ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजचे अंतर १,६७६, पण ते पुस्तकातूनच सांगावे. चालू रुळांजवळ मुलांना नेऊ नये. परत आल्यावर प्रत्येक मुलाने घरच्या म्हाताऱ्या माणसाला पाच गोष्टी विचाराव्यात: माहेरी किंवा मामाकडे कशाने जात होतात, किती वेळ लागे, सोबत खायला काय असे, पाणी कशात नेत होतात, उतरल्यावर पुढे दमणी (हलकी बैलगाडी) होती की पायी. त्या उत्तरांवरून एक मोठा नकाशा तयार होतो, गाडी, फाटे, विहिरी आणि थांब्याच्या झाडांसह. आज्या तो पाहायला शाळेत येतात आणि मुलांच्या चुका दुरुस्त करतात. शेवटच्या दिवशीच्या गॅदरिंगपेक्षा आम्हाला याचे मोल अधिक वाटते.

उन्हाबाबत एवढे कार्यकर्त्यांना पाठ हवे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे. अंग तापलेले, मूल असंबद्ध बोलत असेल किंवा गुंगीत असेल तर तो उष्माघात धरावा, घाम येत असला तरी. सावलीत आडवे करून सर्वांगावर पाणी आणि वारा घालत राहायचे आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये. आंबील, ताक, पन्हे रोज असावे, पण बर्फाचे गोळे आणि उघड्यावरचे सरबत शिबिरात आणू नये. पोट बिघडण्याचे कारण तिथेच असते.

मुली याव्यात असे वाटत असेल तर आयांची बैठक आधी घ्या आणि रात्री मुक्कामाला गावातल्याच दोन बाया ठेवा. संडासात दिवा आणि आतून कडी आहे का ते बैठकीच्या दिवशीच आयांना दाखवा. नुसत्या शब्दावर कुणी मुलगी पाठवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

हे सगळे जमवायला मोठा निधी लागत नाही. १ मे रोजी प्रत्येक गावात ग्रामसभा असते. तिच्या विषयपत्रिकेवर आधीच अर्ज देऊन हा विषय घालता येतो. ठरावात चार बाबी स्पष्ट लिहून घ्याव्यात: शाळेची किल्ली आठवडाभर कोणाकडे राहील, रोजचे हजार लिटर पाणी कोण भरेल, हायमास्टचा दिवा कोण बंद करेल, आणि मुक्कामाला राहणाऱ्या दोन बायांची नावे.

आपले,
विदर्भातील काही शिक्षक व शिबिर-कार्यकर्ते